ग्रीनवरून मागे या: ग्रीनचा वेग आणि हवामान पाहून गोल्फ बॉल कसा निवडावा

मे महिन्यातली दुपार होती. पुण्यातल्या एका कोर्सवर, चौदाव्या होलला, ग्रीनच्या (होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवताच्या) डाव्या कडेपासून पंधरा यार्डांवर माझा बॉल पडला होता. आदल्या सप्टेंबरात जवळपास त्याच जागेवरून मारलेली चिप, म्हणजे ग्रीनजवळचा छोटा ठेंगणा फटका, झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. आताही वेज (तिरक्या तोंडाचा, जवळच्या फटक्यांचा क्लब) तोच होता, बॉल तोच, आणि फटकाही मनासारखा बसला. बॉल पडला बरोबर ठरवलेल्या जागी, पण तिथून जो सुटला तो ग्रीन ओलांडून पलीकडच्या उतारावर गेला. सोबत असलेले कॅडी मामा म्हणाले, "साहेब, ग्रीन तापलंय. हा बॉल पावसाळ्यातला."

वर्षानुवर्षं मी बॉल विकत घेत होतो तो ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने, किती लांब जातो हे बघून. खोक्यावर लिहिलेलं असतं तेच, दुकानदार सांगतो तेच, सोबत खेळणाऱ्या चौघांतल्या गप्पाही त्याच. पण दोन चांगल्या बॉलमध्ये ड्रायव्हरने पडणारा फरक बहुतेक हौशी खेळाडूंसाठी पाच-सात यार्डांचा असतो, आणि तेवढा फरक आपल्या स्वतःच्याच दोन फटक्यांमध्ये रोज पडतो. ग्रीनभोवती मात्र एक बॉल दोन यार्डांत थांबतो आणि दुसरा आठ यार्ड पळतो. म्हणून बॉल निवडताना टीवरून, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्यापासून, सुरुवात करू नका. ग्रीनवर उभे राहा आणि तिथून एकेक फटका मागे या. पुढे सांगितलं आहे ते सगळं याच क्रमाने.

आधी ग्रीन ओळखा: वेग वेगळा, कडकपणा वेगळा

ग्रीनचा वेग मोजायला स्टिंपमीटर वापरतात. एडवर्ड स्टिंपसन हे अमेरिकेतले हौशी गोल्फपटू. १९३५ ची यूएस ओपन ओकमाँटच्या कोर्सवर झाली. तिथे जीन सॅराझेनसारख्या खेळाडूचा पुट (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा फटका) ग्रीनवरून घरंगळत बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेलेला त्यांनी पाहिला. ग्रीन खरोखर किती जलद आहे हे आकड्यात सांगता यायला हवं, या विचारातून त्यांनी लाकडी पट्टी बनवली. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ती अ‍ॅल्युमिनियममध्ये नव्याने घडवली. ही पट्टी ३६ इंच लांब असते, तिला इंग्रजी व्ही आकाराची खाच असते आणि टोकापासून ३० इंचांवर बॉल ठेवायला खोबण असते. पट्टीचं एक टोक सावकाश उचलत गेलं की साधारण २० अंशांवर बॉल आपोआप सुटतो. तो सपाट ग्रीनवर जितके फूट जातो तो त्या ग्रीनचा वेग. तीन बॉल एका दिशेने, तीन उलट दिशेने सोडायचे आणि सरासरी काढायची.

सात-आठ फुटांचं ग्रीन संथ, नऊ-दहाचं बऱ्यापैकी जलद आणि अकराच्या पुढचं फार जलद, असा ढोबळ हिशोब ठेवा. आपल्याकडे ग्रीनवर बहुधा बर्म्युडा जातीचं गवत असतं. भर पावसात ते फार खाली कापता येत नाही, कापलं तरी दोन दिवसांत वाढतं आणि पानं ओली राहतात. त्यामुळे एकच ग्रीन जुलैत आणि फेब्रुवारीत दोन वेगळ्या कोर्सवरची वाटावीत इतकं बदलतं.

क्लबात त्या दिवशीचा आकडा फळ्यावर लावत असतील तर उत्तमच. लावत नसतील तर ग्रीनची देखभाल करणाऱ्यांना विचारा; आपुलकीने विचारलं की ते भरभरून सांगतात. घरच्या घरी एक सोयही करता येते. हार्डवेअरच्या दुकानातून अ‍ॅल्युमिनियमची तीन फुटांची एल पट्टी आणा, टोकं कानशीने घासून गुळगुळीत करा, एका ठरावीक जागी खूण करा आणि दर वेळी एकाच उंचीच्या ठोकळ्यावर टेकवून बॉल सोडा. सरावाच्या ग्रीनवर, परवानगी घेऊन. हा आकडा स्टिंपमीटरशी जुळणार नाही, जुळवायचाही नाही. "माझ्या पट्टीने आज बॉल अकरा फूट गेला, जुलैत सात जात होता" एवढं कळलं तरी काम झालं.

आता कडकपणा. वेग हा गवताची उंची आणि कोरडेपणा यांवर ठरतो, कडकपणा खालच्या मातीतल्या ओलाव्यावर. एखाद्या थंडीच्या सकाळी दव सुकल्यावर ग्रीन जलद असतं, पण आदल्या रात्री पाणी दिलेलं असल्याने खाली मऊ असतं. अशा ग्रीनवर पुट पळतो आणि उंचावरून आलेला बॉल मात्र थांबतो. उलट भेगाळलेल्या, उघड्या जागा पडलेल्या ग्रीनवर पुट अडखळत जातो आणि आयर्नचा (मधल्या अंतरांच्या क्लबचा) फटका फरशीवर पडल्यासारखा उसळतो. बॉलच्या निवडीत वेगापेक्षा कडकपणाचं वजन जास्त आहे, आणि बहुतेक जण नेमकं तेच बघत नाहीत.

तो ओळखायचा कसा? स्वतःचा पिच मार्क, म्हणजे उंचावरून आलेला बॉल ग्रीनवर पडून होणारी खूण, बघा. अर्धा इंच खोल खड्डा आणि कडेला उचकटलेली माती दिसली तर ग्रीन मऊ. वाटीसारखा उथळ दाब असेल तर मध्यम. नुसता चट्टा दिसला, किंवा मार्क शोधावाच लागला, तर कडक. पहिल्या दोन होलवर हे पाहून घ्या. (आणि मार्क दुरुस्त करूनच पुढे जा.) राउंड चालू असताना खेळत्या ग्रीनवर अंदाजासाठी बॉल घरंगळवणं किंवा गवत घासून पाहणं नियमात बसत नाही. ते सरावाच्या ग्रीनवर करावं, किंवा नुकत्याच संपवलेल्या होलच्या ग्रीनवर, पुढचं होल सुरू करण्याआधी.

बॉलच्या आत काय असतं, थोडक्यात

नियमाप्रमाणे बॉलचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. सगळे बॉल वजनाला आणि आकाराला जवळपास सारखेच असतात. फरक असतो आतल्या गाभ्यात, थरांत आणि कव्हरमध्ये.

आपल्या कामाचा मुख्य फरक कव्हरचा. एक प्रकार आयोनोमरचा, ज्याला बाजारात सर्लिन म्हणतात. हे कव्हर कणखर असतं, दगडावर आपटलं तरी सहसा फाटत नाही, आणि बहुधा दोन थरांच्या बॉलवर असतं. स्रिक्सनचा सॉफ्ट फील किंवा कॅलवेचा सुपरसॉफ्ट या घरातले. दुसरा प्रकार युरेथेनचा. हे कव्हर मऊ आणि पातळ असतं. वेजच्या खाचा त्यात रुततात आणि बॉल मागच्या बाजूला जोरात फिरतो; हाच स्पिन. टायटलिस्टचा प्रो व्ही वन, स्रिक्सनचा झी स्टार, टेलरमेडचा टीपी फाइव्ह हे त्या घरातले. किमतीत दुपटीहून अधिक फरक पडतो. मधल्या किमतीत तीन थरांचे युरेथेन बॉलही मिळतात, स्रिक्सनचा क्यू स्टार टूर त्यांपैकी. महिन्यातून तीन-चार वेळा खेळणाऱ्याने सुरुवात तिथून करावी असं मला वाटतं.

नावातल्या "सॉफ्ट" या शब्दाने फसू नका. तिथे मऊपणा गाभ्याचा असतो, म्हणजे कॉम्प्रेशन (दाबलं जायला बॉल करतो तो विरोध) कमी असतं. हाताला फटका मऊ लागतो, पण कव्हर आयोनोमरचं असेल तर वेजने स्पिन कमीच मिळतो. हातातला मऊपणा आणि ग्रीनवर थांबण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा मे महिन्यातला तो बॉल नेमका असाच होता: हाताला लोण्यासारखा, ग्रीनवर घसरगुंडी.

पुट: बॉलचा वाटा किती?

जलद ग्रीनसाठी अमुक बॉल घ्या, तो पुटला हळू जातो, असं बरेचदा ऐकायला मिळतं. यात तथ्य आहे, पण मर्यादित. पटरवरून, म्हणजे पुटच्या क्लबवरून, सुटल्यावर घरंगळणाऱ्या बॉलला त्याचं कव्हर कोणतं याने फारसा फरक पडत नाही. वजन तेच, व्यास तोच, गवत तेच. फरक पडतो पटरच्या तोंडावरून सुटताना. कडक कव्हरचा बॉल टक् असा आवाज करून थोडा जास्त वेगाने निघतो.

थोडा म्हणजे किती, ते अंतरात बघू. सपाट ग्रीनवर पुटचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. समजा एक बॉल दुसऱ्यापेक्षा २ टक्के वेगाने सुटला, तर तो सुमारे ४ टक्के लांब जाईल. सहा मीटरच्या पुटवर हा फरक २४ सेंटिमीटर होतो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर आहे हे ध्यानात घेतलं तर २४ सेंटिमीटर अगदीच सोडून देण्यासारखे नाहीत, पण तीन पुट होण्याचं कारणही ते नाहीत. आता ग्रीनचा फरक बघा. आठ फुटांच्या ग्रीनवरून दहा फुटांच्या ग्रीनवर गेलात तर त्याच सहा मीटरच्या पुटला सुटतानाचा वेग सुमारे १० टक्के कमी लागतो. आठच्या ग्रीनचा हात दहाच्या ग्रीनवर वापरला तर बॉल दीड मीटर पुढे जातो. यावर उपाय बॉल बदलण्यात नाही, हात बदलण्यात आहे.

म्हणून पुटसाठी माझं सांगणं एवढंच. जो बॉल घ्याल तोच सरावाच्या ग्रीनवरही वापरा. सरावाला जुने कडक बॉल आणि राउंडला नवा युरेथेन, असं केलंत तर राउंडआधीची दहा मिनिटं वाया गेली म्हणून समजा. आवाजही महत्त्वाचा आहे. आपला हात अंतराचा अंदाज कानानेही घेतो. जलद ग्रीनवर पुट हळू मारावा लागतो आणि तिथे मऊ आवाजाच्या बॉलवर मला जास्त विश्वास वाटतो. तुम्हाला उलट वाटलं तर तुमच्या कानाचं ऐका.

चिप आणि पिच (चिपपेक्षा उंच, लांब फटका): निवड इथे ठरते

ग्रीनभोवतीच्या तीस यार्डांत बॉलला उंची कमी मिळते. उंचीवरून उभा पडून थांबण्याची सोय नसते, थांबवतो तो स्पिनच. ग्रीन मऊ असेल तर जमीन स्वतःच बॉलला धरते आणि दोन्ही प्रकारचे बॉल थांबतात. ग्रीन कडक आणि जलद असेल तर आयोनोमरचा बॉल पडल्यावर पळत राहतो, युरेथेनचा दुसऱ्या टप्प्यावर चावतो, म्हणजे ग्रीन धरून थांबतो.

यातून साधा नियम निघतो. ग्रीन कडक असेल तर युरेथेन घ्याच. तिथे पैसे वाचवू नका. ग्रीन मऊ असेल तर युरेथेन घ्यायचा की नाही ते बाकीच्या गोष्टींवर ठरवा.

एक अपवाद सांगायला हवा. काही जण ग्रीनभोवती कायम आठ नंबरच्या आयर्नने बॉल घरंगळवत नेतात. वेजला हात लावत नाहीत. त्यांना स्पिन नकोच असतो, त्यांना हवा असतो दर वेळी सारखा पळणारा बॉल. अशा खेळाडूने बारा महिने दोन थरांचा बॉल वापरला तरी काही बिघडत नाही. छावण्यांच्या आणि लहान गावांच्या जुन्या कोर्सवर गवताच्या ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे ब्राउन असतात. तिथेही बॉल अलीकडे टाकून पळवत न्यावा लागतो. तिथे महागडा बॉल घेऊन जाऊ नका.

आता आकाशाकडे बघा

*पावसाळा.* जून ते सप्टेंबर ग्रीन मऊ आणि संथ असतात, फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावर) बॉल पडल्या जागी थांबतो, रोल जवळजवळ शून्य. ओल्या फटक्यात बॉल आणि क्लबच्या तोंडामध्ये पाण्याचा थर येतो. घर्षण कमी होतं, बॉल वर चढतो आणि स्पिन घटतो. युरेथेनलाही हे चुकत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी दुप्पट पैसे मोजायचे तो गुण पाऊस अर्धामुर्धा धुऊन टाकतो, आणि जमीन तशीही बॉल धरून ठेवते. त्यात रफ, म्हणजे कडेचं न कापलेलं गवत, गुडघाभर वाढलेलं, बॉल चिखलात रुतून दिसेनासे होतात. मी पावसाळ्यात दोन थरांचा बॉल वापरतो आणि त्याची मला कधी खंत वाटलेली नाही.

या दिवसांत बघायचं ते कॅरी. बॉल हवेत किती जातो तेवढंच तुमचं. त्यामुळे उंच उडणारा बॉल घ्या. फार कमी उंचीने जाणारा, वाऱ्यासाठी केलेला बॉल पावसाळ्यात तोट्याचा. रंग पिवळा किंवा नारिंगी घ्या. ढगाळ उजेडात आणि गर्द हिरव्या गवतात तो पांढऱ्याआधी दिसतो. उन्हाळ्यात गवत पिवळं पडलं की हाच पिवळा बॉल हरवतो, तेव्हा पांढऱ्यावर या.

चिखलाबद्दलही सांगतो. बॉलच्या एका बाजूला चिखल चिकटला असेल आणि तो पुसायची मुभा नसेल, तर बॉल बहुधा चिखलाच्या उलट बाजूला वळतो. उजवीकडे चिखल असेल तर डावीकडे. पावसाळ्यात अनेक क्लब फेअरवेवर बॉल उचलून, पुसून ठेवायची स्थानिक सूट देतात. खेळायला निघण्याआधी सूचनाफलक वाचा. कोरडा टॉवेल छत्रीच्या आत, काड्यांना अडकवून ठेवा. ओल्या वेजने युरेथेन मारण्यापेक्षा कोरड्या वेजने साधा बॉल मारलेला चांगला.

*थंडी.* पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो. थंडीत गाभ्याचं रबर आखडतं, बॉल कमी उसळतो, आणि हवाही दाट होते. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की लांब फटक्याचे साधारण दोन यार्ड जातात, असा ठोकताळा खेळाडू वापरतात. म्हणजे ३५ अंशांच्या दुपारच्या तुलनेत १२ अंशांच्या सकाळी आठेक यार्ड गेले. यासाठी कमी कॉम्प्रेशनचा बॉल घ्या असं सुचवलं जातं. हाताला तो नक्कीच बरा लागतो, थंडीत कडक बॉल चुकीच्या जागी लागला की बोटं झिणझिणतात. पण आपल्याकडची थंडी दहा वाजता संपते. पहिल्या सहा होलांसाठी एक क्लब जास्त, म्हणजे एक पायरी लांब मारणारा, घ्या, बॉल तोच ठेवा.

थंडीतलं खरं प्रकरण दवाचं आहे. सकाळी सातला ग्रीनवर दव असतं, पुट मागे रेघ ओढत जातो आणि अलीकडेच थांबतो. नवानंतर तेच ग्रीन मोकळं होतं आणि सबंध वर्षातलं सर्वांत चांगलं पळतं. एकाच राउंडमध्ये दोन ग्रीन. शेवटची नऊ होलं कोणत्या ग्रीनवर खेळायची आहेत ते बघून बॉल ठरवा, म्हणजे युरेथेन. युरेथेन दवावर तोट्याचा नाही. दव सुकल्यावर साधा बॉल मात्र तोट्याचा ठरतो.

परदेशात, विशेषतः ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींचं गणित वेगळं. तिथे पाच-सहा अंशांत आणि ओल्या जमिनीवर महिनोन्महिने खेळावं लागतं, तेव्हा कमी कॉम्प्रेशनचा बॉल हिवाळाभर वापरायला हरकत नाही.

*उन्हाळा.* मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत ग्रीन कडक, फेअरवे खडखडीत, आणि दुपारी पश्चिमेचा वारा. याच काळात बॉलची निवड सर्वांत जास्त बोलते.

हवेचा हिशोब आधी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. मे महिन्यातल्या ३५ अंशांच्या दुपारी पुण्याची हवा मुंबईच्या दमट, ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के विरळ असते. चेंबूर किंवा खारघरला खेळणारा खेळाडू पुण्यात आला की त्याचे आयर्न अर्धा क्लब (शेजारच्या दोन क्लबांमधल्या अंतराच्या निम्मे) लांब जातात, ते यामुळे. डिसेंबरच्या पहाटे मात्र पुण्याची हवा जवळपास मुंबईच्या त्या ३० अंशांच्या हवेइतकीच दाट होते. आणि दमट हवा जड असते, बॉल अडवते, हा समज चुकीचा आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे दमट हवा किंचित विरळच असते. मुंबईत बॉल कमी जातो असं वाटतं त्याला दमटपणा कारण नाही. समुद्रसपाटी, ओली जमीन आणि समोरचा वारा ही त्याची कारणं.

विरळ हवेत बॉलला उचलही कमी मिळते आणि स्पिनचा परिणामही थोडा घटतो. ग्रीनवर तो जरा सपाट येतो, आणि ग्रीन तर कडक. म्हणून पुण्याच्या उन्हाळ्यात जास्त उंच उडणारा, जास्त स्पिनचा युरेथेन मला योग्य वाटतो.

वारा आणि कडक ग्रीन एकाच वेळी आले तर?

वाऱ्यात स्पिन वैरी असतो. समोरून वारा आला की जास्त फिरणारा बॉल वर चढत जातो, आकाशात थांबल्यासारखा होतो आणि अलीकडेच पडतो. आडव्या वाऱ्यात, फटका जरा वाकडा लागला असेल तर तो आणखी भरकटतो. समोरचा वारा जेवढं अंतर खातो तेवढं पाठीमागचा परत देत नाही, हेही लक्षात ठेवा.

ब्रिटनच्या समुद्रकाठच्या कोर्सवर वाऱ्याचा हा त्रास इतका होता की तिथे बराच काळ १.६२ इंच व्यासाचा लहान बॉल चालत असे. तो वारा कापून जायचा. ओपन चँपियनशिपमध्ये १९७४ पासून १.६८ इंचांचा मोठा बॉल सक्तीचा झाला आणि १९९० पासून लहान बॉल सगळीकडेच नियमबाह्य ठरला. आज ते काम कमी स्पिनचे, कमी उंचीने जाणारे युरेथेन बॉल करतात; टायटलिस्टचा एव्हीएक्स हे त्याचं एक उदाहरण.

मग मे महिन्यातल्या दुपारी, वारा आहे आणि ग्रीनही कडक आहे, तेव्हा काय करायचं? वारा सांगतो स्पिन कमी करा, ग्रीन सांगतं वाढवा. मी ग्रीनचं ऐकतो. कारण वाऱ्यावर माझ्या हातात दुसरा उपाय आहे. दोन क्लब जास्त घ्यायचे, बॉल पायांच्या मध्यापासून किंचित मागे ठेवायचा, आणि तीन चतुर्थांश स्विंगने शांत मारायचं. शांत फटक्याला स्पिन आपोआप कमी मिळतो आणि बॉल खालून जातो. कडक ग्रीनवर न चावणाऱ्या बॉलला मात्र कोणत्याही स्विंगने चावायला लावता येत नाही. उपाय ज्याच्यावर आहे ते हाताने सोडवा, ज्याच्यावर नाही ते बॉलवर सोपवा.

ड्रायव्हरने मारलेला ज्याचा बॉल नेहमीच उजवीकडे फार वळतो, त्या खेळाडूसाठी मी हे थोडं शिथिल करतो. त्याने कमी स्पिनचा युरेथेन घ्यावा. चिपला थोडं कमी चावेल, पण बॉल किमान फेअरवेजवळ राहील.

चाचणी: एक सकाळ काढा

वाचून ठरवू नका, मारून ठरवा. तीन प्रकारचे बॉल घ्या: एक दोन थरांचा, एक मधल्या किमतीचा युरेथेन, एक महाग युरेथेन. प्रत्येकी एक स्लीव्ह, म्हणजे तीन-तीन. मार्करने वेगवेगळे ठिपके द्या आणि छोटी वही घ्या. हवामान असं निवडा ज्यात तुम्ही सर्वांत जास्त खेळता.

सरावाच्या ग्रीनवर सहा मीटरचे पुट मारा, प्रत्येक प्रकाराचे सहा. डोळे मिटूनही दोन-तीन मारा आणि नुसता आवाज ऐका. कोणता बॉल सतत लांब किंवा अलीकडे जातो ते लिहा.

नंतर वीस यार्डांची चिप. टॉवेल अंथरून त्यावर बॉल पाडायचा प्रयत्न करा. पडला कुठे आणि थांबला कुठे, ही दोन अंतरं पावलांनी मोजा. बॉल झेंड्याच्या किती जवळ राहिला हे बघू नका, ते त्या दिवशीच्या हाताचं श्रेय असतं. पडल्यानंतरची पावलं हे बॉलचं. चाचणीचा गाभा हाच आहे. इथे जितका वेळ द्याल तितका थोडा. फेअरवेच्या गवतातून मारा, मग वेजच्या तोंडावर थोडं पाणी शिंपडून मारा. ओल्या वेजने तिन्ही बॉलमधला फरक किती कमी होतो ते पाहून मलाही आश्चर्य वाटलं होतं, आणि पावसाळ्याचा निर्णय तिथेच झाला.

मग पन्नास-साठ यार्डांचा पिच, मग नऊ नंबरचा आयर्न. शेवटी ड्रायव्हर, प्रत्येकी तीन फटके. तीन फटक्यांत लांबी ठरवता येत नाही, पण एखादा बॉल विचित्र वर चढतो किंवा खाली राहतो हे लगेच दिसतं. तेवढ्याने एखादा बाद करायचा, बाकी निर्णय वहीतल्या चिपच्या आकड्यांवर.

बहुतेकांच्या वहीतून दोन बॉल निघतील: जून ते सप्टेंबरचा एक, ऑक्टोबर ते मेचा दुसरा. दोनच ठेवा. दर होलला बॉल बदलणारे मी पाहिले आहेत. पार थ्रीला (तीन फटक्यांच्या छोट्या होलला) महाग, पाण्यावरून मारताना जुना. नियम दोन होलांच्या मध्ये बॉल बदलू देतो, पण स्पर्धेत एकच बॉलचा स्थानिक नियम लावला असेल तर सबंध राउंड त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा बॉल खेळावा लागतो. नियम नसला तरी हात गोंधळतो. पाणी समोर असताना मुद्दाम जुना बॉल काढला की मनाने तो आधीच पाण्यात टाकलेला असतो.

सांभाळायचं कसं

बॉल गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत तापमान फार चढतं आणि रबराला ते मानवत नाही. घरात कपाटात ठेवा. थंडीतही रात्री घरात ठेवलेला बॉल सकाळी चांगला उसळतो, आणि ते नियमाला धरून आहे. राउंडसाठी बॉल मुद्दाम तापवून त्याचे गुण बदलले आणि तो मारला तर नियमाप्रमाणे स्पर्धेतून बाद व्हावं लागतं.

युरेथेनवर बंकरची वाळू आणि सिमेंटचे रस्ते ओरखडे पाडतात. नख फिरवून बघा. नख अडलं, कव्हरचे धागे उचकटलेले लागले, तर तो बॉल सरावाला काढा. होल खेळत असताना मात्र नुसत्या ओरखड्यासाठी बॉल बदलता येत नाही. तो कापला किंवा तडकला असेल तरच.

तळ्यातून काढलेले बॉल कोर्सच्या आसपास स्वस्तात मिळतात. पावसाळ्यात ते घ्यायला हरकत नाही, पण डिंपलमध्ये रंग साचून कडा बुजलेला, पुन्हा रंगवलेला बॉल घेऊ नका. बॉल हवेत तरतो तो त्या खळग्यांवरच. किती दिवस पाण्यात होता हेही कुणी सांगू शकत नाही.

माझ्या बॅगेत जुलैत नऊ पिवळे, दोन थरांचे बॉल असतात आणि दोन कोरडे टॉवेल. दसऱ्याच्या आसपास, ग्रीनवरचा पिच मार्क उथळ दिसू लागला की ते कपाटात जातात आणि सहा पांढरे युरेथेन बाहेर येतात. तारीख ठरलेली नाही. पाऊस लांबला तर मामा सांगतात, "अजून आठ दिवस थांबा साहेब, खाली ओल आहे," आणि मी थांबतो.